दुसऱ्याच्या चुकीची माफी

साहेब, तुमच्या चर्चमधल्या मंडळीच्या पास्टरांचा फोन आला होता. तरुण माणूस आहे, तुम्हाला त्यानं पाहिलेलंही नाही. महिन्यातून एकदा उपासना संपल्यावर ते बाहेरच्या कुणाला तरी वीस मिनिटं बोलायला बोलावतात. या खेपेचा विषय आहे, ख्रिस्ती विश्वासामुळे चार माणसांवर हुकूम चालवणाऱ्याचा विचार कसा बदलतो. त्यावरून जुन्या लोकांनी तुमची आठवण काढली. तुमच्या हाताखाली अकरा वर्षं काढलेला आणि आता तुमच्याच केबिनमध्ये बसणारा म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, अहो, मी लिंगायत, गळ्यात लिंग घालणारा माणूस, मी तुमच्या चर्चमध्ये उभा राहून काय सांगणार? तर म्हणाला, "म्हणूनच सर. आमचं कौतुक आम्हीच केलं तर ऐकणार कोण?" हजरजबाबी आहे. मी हो म्हणून बसलो. मग त्यानं सांगितलं की तुमच्या वेळचे जे कामगार हयात आहेत त्यांनाही बोलावणार आहेत, आणि त्यात वाळूचे साचे करणाऱ्या त्या मोल्डरचं नाव घेतलं. तेव्हापासून मला भाषण सुचत नाही. तुमच्याविषयी खरं बोलायचं तर त्या मोल्डरची गोष्ट सांगावी लागते, आणि ती खरी सांगायची तर त्यात मी येतो. तुम्ही गेलात त्याला बावीस वर्षं झाली, आणि जाताना तुम्हाला ती गोष्ट अर्धीच माहीत होती. आज शनिवार. भाषण उद्या आहे. मुद्दे लिहायला घेतलेल्या कागदावर हे लिहितो आहे.

तुम्ही संत नव्हतात, हे मी पहिल्यांदा सांगणार आहे. तुमचा आवाज भट्टीच्या ब्लोअरवरून पलीकडच्या शेडमध्ये ऐकू जायचा. रजा मागायला आलेल्या माणसाला तुम्ही अशा काही नजरेनं बघायचात की तो स्वतःच्या आजीच्या मरणाबद्दल स्वतःच शंका घ्यायला लागायचा. धर्माचं मात्र कारखान्यात कधी एक अक्षर बोलला नाहीत. केबिनमध्ये येशूचं चित्र नव्हतं, साच्यांचे लाकडी पॅटर्न करणाऱ्यानं दिलेलं कॅलेंडर होतं. दसऱ्याला मशिनांची पूजा व्हायची तेव्हा तुम्ही टोपी काढून मागे उभे राहायचात, खोबरं खायचात, गंध लावून घ्यायचा नाहीत, आणि याबद्दल कुणाला काही समजावतही बसायचा नाहीत. आपल्याकडे कारखान्यांची सुट्टी सोमवारची. त्यामुळे तुमच्या देवाचा दिवस नेमका आपल्या कामाचा दिवस. रविवारी सकाळी तुम्ही दोन तास जाऊन यायचात आणि अकराच्या सुमाराला पांढऱ्या शर्टात शेडमध्ये शिरायचात. त्या शर्टावर काजळी बसू नये म्हणून आम्ही दोन पावलं लांबून बोलायचो. तुमच्या घरून त्या शर्टावरून काय ऐकायला मिळत असेल, याची आम्ही आपापसांत चर्चा करायचो.

महिन्याचा पहिला रविवार वेगळा असायचा. त्या दिवशी तुमच्याकडे प्रभुभोजन असतं, आणि कुणाशी वाकडं असताना त्या भाकरीला हात लावायचा नाही, अशी तुमच्या घराची जुनी रीत होती. हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत, तुमच्याच मंडळीतल्या फिटरनं सांगितलं. तोवर आम्हाला फक्त आदला शनिवार माहीत होता. त्या शनिवारी जेवणाच्या सुट्टीनंतर तुम्ही शेडमधून एक फेरी मारायचात. ज्याला महिन्याभरात जास्त बोलला असाल त्याच्यापाशी थांबायचात. "मंगळवारी बोललो ते जास्त झालं. माफ कर." एवढं म्हणून पुढे. समोरचा हातातलं काम तसंच धरून "असूंद्या की साहेब, काय त्यात" म्हणेपर्यंत तुम्ही पुढच्याकडे पोचलेले. आम्ही पोरासोरांनी त्याला साहेबांची झाडलोट असं नाव ठेवलं होतं. क्रेनवाला तर इतका बेरकी, की शुक्रवारपासूनच तोंड पाडून बसायचा आणि शनिवारी माफीबरोबर दोन दिवसांची रजा पदरात पाडून घ्यायचा. तुम्हाला ते कळत होतं असं मला अजून वाटतं. रजा मात्र तुम्ही द्यायचात.

मला तेव्हा हे सगळं थोडं नाटकी वाटायचं. आज मी तीनशे माणसांवर बसलो आहे आणि थंडपणे बघतो तेव्हा दिसतं की त्या भोजनानं तुमच्या डोक्याला मुदत घातली होती. कुणावरचाही राग तीस दिवसांपेक्षा जास्त वागवायची तुम्हाला सोय नव्हती. शिवाय तिथं मंडळीतले वडील, म्हणजे पंच, म्हणून भाकरीचं ताट घेऊन बाकांमधून तुम्हीच फिरायचात, आणि त्या बाकांवर आपल्याच कारखान्यातली चार घरं बसलेली असायची. शुक्रवारी ज्याला चारचौघांत सोललं त्याच्यापुढे रविवारी ताट धरायचं, म्हणजे शुक्रवारीच जीभ जरा आवरत असणार. हे प्रत्येक ख्रिस्ती साहेबाचं होतं असं मी उद्या म्हणणार नाही. नंतर पुण्यात एक साहेब भेटला, तो प्रत्येक बैठक डोळे मिटून प्रार्थनेनं सुरू करायचा आणि डोळे उघडून दोघांना घरी पाठवायचा. त्याचाही विश्वास खराच होता म्हणे. त्यामुळे विश्वास असला की माणूस आपोआप तुमच्यासारखा होतो, हे काही मला पटत नाही. तुम्ही तो विश्वास स्वतःवर लक्ष ठेवायला बसवला होता, त्या साहेबानं दुसऱ्यांवर.

तुम्ही मला एकदाच जोरात बोललात. मी नवा होतो, खराब निघालेल्या मालाच्या अहवालात कारण म्हणून 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहून आणलं होतं. तुम्ही विचारलंत, "तू तिथं हुतास?" मी नाही म्हटलं. "मग हे बघितलं कुणी?" तुम्ही त्या ओळीवर काट मारून कागद परत दिलात आणि म्हणालात, "बघितलं नसलं तर म्हाईत न्हाई असं लिवायचं. आपल्या सहीनं माणसाचं घर चालतंय." दोन दिवस मला राग होता. शनिवारी तुम्ही माझ्यापाशी थांबला नाहीत. म्हणजे ते बोलणं तुमच्या हिशेबी जास्त झालेलं नव्हतं, आणि हे समजल्यावर मला त्या बोलण्याची किंमत कळली.

आता ती गोष्ट. त्या मे महिन्यात पंपाच्या बॉडीचं मोठं काम होतं. दुसऱ्या पाळीवर मी होतो, तिशीही गाठली नव्हती. उन्हानं साच्याची वाळू भराभर सुकत होती, साचे हाताळताना ढासळत होते आणि आकडा गाठायचा होता. मी वाळू मळणाऱ्याला सांगितलं, पाणी वाढव. पाणी वाढवलं की ओल मोजायची असते, मळलेल्या वाळूच्या प्रत्येक घाण्याला. मी मोजली नाही. रजिस्टरमध्ये मात्र रोजच्यासारखे आकडे भरले, दोन दिवस. ओल जास्त झाली की ओतलेल्या लोखंडात वाफ कोंडते आणि आत पोकळ्या राहतात. वरून काही दिसत नाही. गिऱ्हाइकाकडे मशिनवर चढवल्यावर दिसलं आणि सगळा माल परत आला. ते साचे त्या मोल्डरच्या हातचे होते. राधानगरीकडचा गडी, माझ्याच वयाचा, हात असा की त्याचा साचा बघायला दुसऱ्या शेडची माणसं यायची. त्या महिन्यात त्याला लाईनचा मिस्त्री करायचं ठरलेलं होतं. साच्याला सळईनं बारीक भोकं पाडून हवेला वाट द्यावी लागते, ती यानं आळसानं दिली नसणार, असं मालकाच्या पुढ्यात कुणीतरी म्हणालं, आणि तुम्ही, ज्यांनी मला तो अहवाल परत दिला होता, तुम्हीही ते धरलंत. सगळ्या शेडसमोर तुम्ही त्याला म्हणालात, "मिस्त्री व्हायच्या आधीच तुला मिस्त्रीपण चढलं." मिस्त्रीपण दुसऱ्याला दिलंत. त्यानं हातातली थापी धुऊन पुसून ठेवली आणि गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून आला नाही. मी दहा फुटांवर उभा होतो.

तीन आठवड्यांनी, शनिवारीच, तुम्ही परत आलेली एक बॉडी कापून घेतलीत आणि भिंग लावून बसलात. मला बोलावलंत. पोकळ्या बघून तुम्हाला कळलं होतं की हे भोकं न पाडल्याचं काम नव्हे, हे ओलीचं काम आहे. तुम्ही विचारलंत, "त्या दोन दिवसांची ओल रजिस्टरला बरोबर हाय?" मी म्हणालो, हो साहेब. एवढंच. दोन शब्द. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, रजिस्टर मिटलंत आणि म्हणालात, "मग ओल मोजायचा काटा बिघडला असंल. कायबी असू दे, त्या पोराचं न्हवं. माझं चुकलं." दुसरा दिवस पहिला रविवार होता. पास्टर परवा सांगत होते की तुमच्या जुन्या लोकांना तो रविवार आठवतो, कारण तुम्ही ताट दुसऱ्याच्या हातात दिलंत आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलात. भाकरी तुमच्यापर्यंत आली ती तुम्ही तोंडात न घालता पुढे दिलीत.

सोमवारी सुट्टी होती. त्याच्या बहिणीच्या लग्नाला मी गेलो होतो, घर मला माहीत, म्हणून तुम्ही मला स्कूटरवर मागे बसवून घेतलंत. दीड तासाच्या वाटेत तुम्ही एकदाच बोललात, ते पेट्रोलविषयी. मी तुमच्या पाठीकडे बघत होतो. सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता. आपण पोचतो तेव्हा तो गोठ्यात आहे. त्याचा बाप अंगणात घोंगडं टाकतो, "या पावणं, बसा की" म्हणतो, आई पाण्याचा तांब्या घेऊन येते. तुम्ही टोपी काढता आणि बसत नाही. "आधी माझं ऐका, मग पाणी." तोवर शेजारची वीसेक माणसं कुडाशी येऊन उभी राहिलेली आहेत. तुम्ही त्या तिशीही न गाठलेल्या पोरापुढे हात जोडता. "चारचौघांत बोललो, खोटं बोललो. तुझी चूक न्हवती. माझी चूक. मला माफ कर." तो मान खाली घालून उभा. बाप पुढे येतो. "साहेब, हात खाली घ्या. तुमच्यासारख्या वडीलधाऱ्यानं आमच्या पोरापुढं हात जोडलं तर आमच्या घराला पाप लागतंय." आई त्याला ढकलून तुमच्या पाया पडायला लावते, तुम्ही मागे सरकता, तो तसाच वाकलेला राहतो. शेवटी तो "असूंद्या" म्हणतो. मग तुम्ही पाणी पिता आणि मोकळ्या चेहऱ्यानं त्याला सांगता की मंगळवारी कामावर ये.

तो आला नाही. तुम्ही वर्षभर निरोप पाठवत राहिलात आणि तुम्हाला ते शेवटपर्यंत उलगडलं नाही. मला महिनाभरात कळलं, कारण मी तसल्याच गावातला आहे. ज्या साहेबानं दारात येऊन हात जोडले, त्याच्या हाताखाली परत कसं जायचं? तो शेडमध्ये शिरला असता तर सगळे त्याच्याकडे बघणार, तुम्ही त्याला काम सांगताना अवघडणार, त्याला साधं उशिरा यायलासुद्धा लाज वाटणार. तुम्ही नुसता शिपाई पाठवून 'या म्हणावं' असा निरोप दिला असता तर तो दोन दिवस फुगून तिसऱ्या दिवशी आला असता. तुमच्या लेखी माफी म्हणजे तुम्ही, तो आणि देव. त्याच्या अंगणात मात्र आणखी वीस जण उभे होते. उद्याच्या भाषणात मी हेही सांगणार आहे, की विश्वासानं तुम्हाला वाकायला शिकवलं, पण वाकल्यावर समोरच्याचं काय होतं ते बघायला शिकवलं नाही. हा मुद्दा मला चांगला सुचला आहे. आणि हा मुद्दा मी किती वर्षं ढालीसारखा वापरला तेही मला माहीत आहे. चूक साहेबांच्या पद्धतीची होती, असं म्हटलं की माझं रजिस्टर झाकलं जायचं.

तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी ते भिंग मला दिलंत. "तू आधी बघतोस, मग बोलतोस," म्हणालात. मी नमस्कार केला. त्यानंतर दर शनिवारी संध्याकाळी तुमच्याकडे चहाला यायचो, तुमच्या मिसेस नानकटाई द्यायच्या, तुम्ही भट्टीच्या चौकशा करायचात. दवाखान्यातसुद्धा तुम्ही मला विचारलंत, "तो गडी काय करतोय रे?" म्हशी आहेत, बरं चाललंय, असं मी सांगितलं. तुम्हाला बरं वाटलं. मला तुमच्यासमोर लाज वाटत होती, भीती वाटत होती, आणि तुमच्यावर माझा फार जीव होता. यातलं कुठलं जास्त होतं ते मला तेव्हा ठरवता आलं नाही.

गेल्या सोमवारी मी त्याच्याकडे गेलो. उद्याचं बोलावणं फोनवर काय द्यायचं, आपण जाऊन द्यावं, म्हणून गेलो. गोठा आता पक्का आहे, सहा म्हशी, मुलगा दूध संस्थेत चिकटलेला. त्यानं मला ओळखलं, खुर्ची दिली, सुनेला चहा टाकायला सांगितलं. रविवारचं ऐकून म्हणाला, "यायला पायजे, पर गुडघं लई दुखत्यात. एस्टीची पायरी चढवत न्हाय." बरं, म्हटलं, तब्येत सांभाळा. मग सून चहा घेऊन आली तेव्हा तो तिला तुमची गोष्ट सांगायला लागला. तिनं ती शंभरदा ऐकलेली असावी. "आक्ख्या गावात कुणाच्या दारात साहेब माफी मागाय आल्याला न्हाय. माझ्या दारात आलता." आणि मग माझ्याकडे हात करून म्हणाला, "आणि ह्ये साहेब बी आलतं संगं. उन्हातानाचं, माझ्यासाठी. दुसरं कोण आलं हुतं?"

ते मला सहन झालं नाही. तेहेतीस वर्षं जे बाहेर निघालं नव्हतं ते बाहेर पडलं. पाणी मी वाढवायला लावलं, ओल मोजली नाही, आकडे खोटे भरले, साहेबांनी विचारलं तेव्हाही खोटं सांगितलं. सून आत निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या, आणि जरा बरंही वाटलं असतं. तो अगदी सावकाश म्हणाला, "म्हंजे त्या दिवशी तुमी हितं बसून तोंड उघडलं असतं, तर साहेबास्नी हात जोडाय लागलं नसतं."

मी म्हणालो, व्हय.

"आन् मी मंगळवारी कामावर आलो असतो."

त्यानं चहाची बशी खाली ठेवली, मला दारापर्यंत सोडायला उठला, गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत. गाडीपाशी आल्यावर म्हणाला, "आयतवारी येतो मी. पोरगा मोटारसायकलवरनं सोडंल. काय सांगताय ते ऐकतो."

तर साहेब, उद्या तो येणार आहे. मी काय बोलणार ते मला माहीत आहे. कागदावर नाही, पण माहीत आहे. तो समोर असताना गाळायला काही उरत नाही. तुमच्या लोकांना ऐकायला बरं वाटेल असं त्यात फार थोडं असेल, आणि सोमवारनंतर माझ्या शेडमध्ये लोक मला कसे बघतील तेही मला ठाऊक नाही. पण वर लिहिलेलं एक वाक्य चुकीचं आहे आणि ते तसंच राहू देऊ नये. बोलावणं द्यायला गेलो असं मी लिहिलं आहे. बोलावणं त्याला पास्टरांनी आठवडाभर आधीच दिलं होतं, आणि गुडघ्यांचं बघून कळवतो असं तो त्यांना म्हणाला होता. तो नक्की येणार नाही ना, एवढंच बघायला मी गेलो होतो. गुडघे दुखतात म्हणाला तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. हे पत्र कुणी वाचणार नाही, तुम्हीसुद्धा नाही, आणि तरी पहिल्या झटक्याला मी यातही खोटं भरलं.